शटरचा आकडा

दोन लाख एक्क्याऐंशी हजार सहाशे चार.
एवढ्या वेळा पापणी मिटलीय या कॅमेऱ्यानं.
कंपनीची हमी दीड लाखाची होती,
पुढचं सगळं त्यानं पदरचं घातलं.
मुठीपाशी रबर सुटलंय,
मुजीबनं पंक्चरचं सोल्युशन लावून बसवलंय.

लातूरहून बिराजदार रोज फोन करतो.
'सर, नवीन मॉडेल डोळा ओळखतं.
माणूस पळू द्या, लाईट जाऊ द्या,
फोकस डोळ्यावरून हलत नाही.
तुमचा जुना आम्ही एकोणीस हजाराला घेतो.'
एकोणीस हजार.
तेवढ्याच्या तर त्यानं
नुसत्या अक्षता झेलल्यात अंगावर.

वहीत दोन रकाने पाडलेत.
डावीकडं: हप्ता नऊ हजार आठशे, महिने चोवीस.
जुन्या लेन्सा बसत नाहीत, मध्ये कडं लागतं,
कड्याचे वेगळे.
उजवीकडं: मंगल कार्यालयातलं जांभळं लायटिंग,
ज्यात नवरदेव वांग्यासारखा येतो.
आणि हळदीच्या बोटांनी मोबाईल चाळत
नवरीच सांगते, 'काका, हे मॉडेल बंद झालंय.'
खाली बेरजेची जागा
पंधरा दिवस कोरी.

मंगळवारी एक बाई आल्या, नळगीरहून, टमटमनं.
पिशवीतून अल्बम काढला,
दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा, मागून आणलेला.
मागं माझा शिक्का. 'उदगीर', आणि जुना फोन नंबर.
पंगतीचा फोटो.
पुढं वरमाई, घास तोंडात, हसू आवरेना.
मागं खांबापाशी
मठ्ठ्याची बादली धरलेला एक माणूस.
'एवढं मोठं करून द्या. ह्येंचा दुसरा न्हाई.'

हावगीराव.
मला नाव विचारावं लागलं नाही.
पंगती उठल्यावर शेवटी आम्हीच उरायचो,
वाढपी आणि फोटोवाला,
मांडीवर कॅमेरा घेऊन मी त्याच्यासमोर
किती लग्नांचं गार वरण जेवलोय.

रात्री हार्डडिस्का काढल्या.
दोनशे बारा लग्नं.
चाळीस-एक लग्नांत तो सापडला:
कोपर. पाठ. बादलीची कडी.
एक पळी धरलेला हात,
जो मी छापताना कापून टाकलेला.
फोकस सगळीकडं नथीवर.

तो एकच चेहरा मोठा केला, तर फुटला.
नाकाच्या जागी चार चौकोन,
डोळ्यांच्या जागी दोन करडे.
मुजीब म्हणाला, 'नव्या मॉडेलमध्ये निघाला असता.'
मी म्हणालो, 'नव्यानं वरमाईचाच डोळा धरला असता.'
दोघांचंही खरं होतं,
म्हणून दोघंही गप्प बसलो.

प्रिंट बघून बाई काही बोलल्या नाहीत.
काउंटरपासून मागं सरकल्या,
पायरी उतरल्या,
पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या,
मागून ट्रॅक्टर हॉर्न देतोय.
'हितून दिसूलालेत,' म्हणाल्या.
'आमची भिंत उंचय.'
दीडशे रुपये घेतले मी.
नको म्हटलं असतं
तर त्यांनी फोटो नेला नसता.

संध्याकाळी पुन्हा बिराजदार.
'सर, स्कीम रविवारपर्यंतच.'
मी विचारलं, 'त्याला सांगता येतं का,
कुणाचा डोळा?'
'येतं की. स्क्रीनवर बोट ठेवायचं फक्त.'
'बोट आपलंच?'
तो हसला. त्याला वाटलं, मी भाव पाडतोय.

बेरीज अजून केलेली नाही.
उद्या लोहाऱ्यात लग्न, मुहूर्त अकरा पस्तीसचा.
जुन्याच्याच बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.
मुजीबला म्हटलं, आठलाच निघू,
आधी चुलाणाकडं जाऊ.
'एवढ्या लवकर?' तो म्हणाला,
'चहा तरी मिळंल का तिथं?'